कोटेशन

परवा तू फोनवर विचारलंस, शर्वाणी,
"मावशी, एका पानाचे किती सांगू?"
तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली
आणि मी म्हटलं, नंतर बोलू.

हे ते नंतर.

आधी एक. 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या'
असं कधी म्हणू नकोस.
त्यांना योग्य वाटलं ते मी एकोणीस वर्षं घेतलंय.
त्यात एक मिक्सर होता,
शाली बऱ्याच,
आणि एका नर्सरीवाल्यानं दिलेली हापूसची दोन कलमं,
माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी.

काय काय लिहिलंय सांगू?
ठिबकच्या नळीची दहा वर्षांची गॅरंटी,
बेदाण्याच्या पाकिटामागच्या चार ओळी,
पाथर्डी फाट्याजवळच्या लॉन्सचं माहितीपत्रक
('निसर्गाच्या कुशीत', समोर हायवे),
सिडकोतल्या एका पुढाऱ्याच्या वडिलांना श्रद्धांजली,
सहा वेगवेगळ्या मंडळांकडून,
सहाही माझ्याच.
सहावी लिहिताना मला खरंच रडू आलं.
त्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं.

'छोटंसंच काम आहे' म्हणणाऱ्याचं काम
रविवार कारंजावर सुरू होतं
आणि नाशिकरोड आलं तरी संपत नाही.
अर्धे आधी घे.
दुरुस्त्या दोन, तिसरीचे पैसे, हे लेखी.
'अजून जरा पंच पाहिजे' असा निरोप आला
की पहिलाच मसुदा परत पाठव,
फाइलच्या नावात 'अंतिम' जोडून.
(हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.)

पण आकडा बोलायला मी शिकले ती
अंबडच्या एका फॅक्टरीच्या गेटवर.
त्यांची पंचवीस वर्षांची स्मरणिका केली होती,
एकशे बारा पानं, कामगारांच्या मुलाखतींसकट,
आणि चेकसाठी ही सातवी खेप.
साहेब प्लॅन्टला. साहेब पुण्याला. साहेब जेवायला.
वॉचमन ढिकले, चांदोरीकडचे,
माझं नाव आता न विचारताच रजिस्टरमध्ये लिहायचे.
'येण्याचे कारण' या रकान्यात: वसुली.

त्या दिवशी म्हणाले, ताई, तुम्ही लिहिता ना,
पीएफचा एक अर्ज द्या लिहून, तीन वर्षं अडकलाय.
स्टुलावर बसून मी लिहिला,
रजिस्टरचंच मागचं कोरं पान फाडून.
वाचून दाखवला.
'प्रति'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत
ते उभे राहून ऐकत होते.
मग खिशात हात. "किती?"
"राहू द्या हो."
चिडलेच.
"राहू द्या काय? बारा तास उभा असतो मी इथं,
मी म्हणतो का पगाराला राहू द्या?"
मी म्हटलं, पन्नास.
आवाज खाली न नेता.
म्हणजे गेला, जरासा.
त्यांनी दिले. दहाच्या पाच नोटा, एक फाटकी.

चेक त्या दिवशीही नव्हता.
मार्चमध्ये मिळाला, टीडीएस कापून,
आडनाव चुकीचं. त्यासाठी आणखी दोन खेपा.
तेव्हा गेटवर दुसराच कुणीतरी होता,
त्यानं मला नाव विचारलं.
पीएफचं काय झालं, कळलं नाही.

तर शर्वाणी,
आकडा सांग आणि गप्प बस.
सगळं अवघड त्या गप्प बसण्यात आहे.
समोरचा 'बाप रे' म्हणेल, पेन टेबलावर वाजवेल,
पंख्याचा आवाज एकदम मोठा होईल,
आणि 'तसं कमी-जास्त करू आपण'
हे तुझ्या अगदी ओठांवर येईल.
तोवर चहा आलेला असेल.
तो पी.