अळसांद्याच्या मुळाशी

आईनं रोप उपटलं, माती झटकली.
मुळांवर मोहरीएवढ्या गाठी.
"कीड लागली गो," म्हणाली.
मी नखानं एक फोडली.
आत गुलाबी,
बाळाच्या हिरडीसारखं.

मये गावात लाल रंगाचं कुणाला नवल नाही.
खाण चालू होती तेव्हा
तुळशीवर, पापडांवर, माझ्या वहीवर तोच बसायचा.
बाबा बार्जवर होता,
त्याच्या बनियनचं पाणी तिसऱ्या धुण्यालाही लाल.
लोखंड म्हणजे ते. टनावर मोजायचं,
उघड्यावर गंजायचं.

मी डिचोलीच्या लॅबमध्ये तेच थेंबावर मोजते.
फ्लोरिंदाबाय, नऊ पूर्णांक दोन.
पुढचा.

आईला कसं सांगू?
चार नत्रांनी चौबाजूंनी धरलेला
लोखंडाचा एक कण,
त्याभोवती चपटं कडं,
आणि ते सगळं प्रथिनाच्या घडीत सरकवलेलं
हळदीच्या पानात पातोळी असते तसं.
घडीत पाण्याला थारा नाही,
म्हणून गंज नाही.
खालून एका हिस्टिडिननं बोट धरलेलं,
वरची जागा मोकळी.
प्राणवायू येतो, टेकतो, उठून जातो.
जाऊ देता आलं पाहिजे,
नाहीतर नुसतं धरून काय करायचं?

रक्तात अशा चौघी एकत्र नांदतात.
एकीकडे पाहुणा आला
की तिचं लोखंड किंचित आत सरकतं,
केसाचा वीस लाखावा भाग असेल,
तेवढ्यानं बाकी तिघींच्या कड्या सैल.

मुळातली मात्र एकटी.
जंतूंना श्वास पुरवते, पण चिमटीनं.
मोकळा वारा लागला
तर हवेतलं नत्र बांधणारं त्यांचं यंत्रच मोडतं.

दुसरी गाठ फोडली. जुनी होती, हिरवी निघाली.
बार्जची साखळी आपटली त्या वर्षी
बाबाची मांडीही अशीच,
आधी जांभळी, मग हिरवी, मग पिवळी.
कडं तुटलं की हिरवं पडतं.
लोखंड तेवढं शरीर सोडवून घेतं, जपून ठेवतं.
खाण बंद झाल्यावर बाबानं जुने नटबोल्ट
डब्यात भरून ठेवले,
ते अजून माळ्यावर आहेत.

"म्हणजे झाडाक रगत?"
"रगत नव्हे गे. रगताची मावसबहीण."

आई गप्प. हातातल्या रोपाकडे बघत राहिली.
"पयलीं सांगपाचें न्हय?"
आणि बोटांनी खड्डा उकरून
रोप परत लावू लागली.

मी तांब्याभर पाणी आणून दिलं.