अंगठा

पाववाल्या एन्देलने सप्टेंबरात विचारलं,
नाताळपर्यंत होईल ना?
साल्मेची साठी आहे सव्वीस डिसेंबरला.
मी म्हटलं, होईल.
कुठल्या नाताळपर्यंत, ते मी बोलले नाही.
त्यानेही विचारलं नाही.

हापसालूत तेव्हा उजेड भरपूर होता,
खाडीवरून निघून थेट माझा जिना चढायचा.
कॅनव्हास ताणायला एक सकाळ गेली.
सरस लावला, वाळला. पांढरा हात दिला, वाळला,
घासला, पुन्हा दिला.
मंगळवारी एन्देल राईचा पाव घेऊन आला
आणि त्या कोऱ्या पांढऱ्याकडे बघत राहिला,
न पेटवलेल्या भट्टीकडे बघावं तसा.

मग तपकिरी माती, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेली.
नुसत्या सावल्यांचा एन्देल
दोन दिवसांत खडखडीत वाळला.
हा तर मीच, तो म्हणाला, झालं की!
नाक आहे, दाढी आहे, बाही वर सारलेली आहे.
मी म्हटलं, हे अजून पीठ आहे.
तो गप्प झाला.
पिठाचं त्याला कळतं.

खाली रोड, वर तेलकट,
एवढाच आमच्या धंद्यातला कायदा.
उलट केलंत तर वरचा थर आधी आवळतो,
खालचा अजून हलतच असतो,
आणि दहा वर्षांनी कपाळाला भेगा पडतात,
तुमच्या पश्चात, तुमचं नाव घेत.

ऑक्टोबरात चेहरा.
नोव्हेंबरात पुन्हा चेहरा,
कारण मधेच एन्देल दाढी काढून आला.
बायकोला टोचते म्हणे. सदतीस वर्षांनी.
मी जुनी दाढी खरवडली नाही,
तिच्यावरूनच हनुवटी चढवली.

डिसेंबरात सहा तासांचा दिवस,
त्यातला निम्मा राखाडी.
तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवा खात खात घट्ट होतं,
आणि थंडीत त्याला भूक लागत नाही.
पांढऱ्याने आठवडा घेतला.
एप्रनच्या दोरीतला लाल तीन आठवडे चिकट,
पावसाळ्यातल्या गुळासारखा.
सव्वीस तारीख आली, गेली.
त्याने साल्मेला लोकरीचे हातमोजे दिले
आणि सांगितलं, खरी भेट वाळते आहे.

जानेवारीत मी कॉफी ओतत होते, पाठमोरी,
तेव्हा त्याने ते केलं
जे तो चाळीस वर्षं रोज पहाटे करत आलाय:
अंगठ्याने दाबून पाहिलं,
फुगून वर येतं का.

आलं नाही.
बाहीवर खळगा, अंगठ्यावर माझा पांढरा.
चोरी पकडलेल्या पोरासारखा तो उभा,
अंगठा वर धरून.
पुसून टाक, म्हणाला. किती दिवस लागतील?
तीन आठवडे, मी म्हटलं,
आणि संध्याकाळभर तो खळगा बघत बसले.
रेषा होत्या त्यात. रेषांना छेदून गेलेला
भाजल्याचा एक जुना आडवा वण होता.
पाच महिने मी तो हात रंगवत होते
आणि हा वण मला दिसला नव्हता.

पुसलं नाही.
फेब्रुवारीत त्याच्या भोवतीचं काम केलं.
मार्चात चित्र भिंतीकडे तोंड करून होतं, पिवळं पडलं;
खिडकीत ठेवलं,
एप्रिलच्या उन्हाने हळूहळू कावीळ उतरवली.

मेमध्ये साल्मे एकटीच आली.
बराच वेळ उभी राहिली, मग बाजूला सरकली,
मान तिरकी केली.
तिरप्या उजेडात हनुवटीखालची दाढी उठून दिसते.
बरी होती, ती म्हणाली.
उगाच बोलले मी.

वार्निश पुढच्या जानेवारीत.
तोवर चित्र माझ्याकडेच, भाड्याने ठेवल्यासारखं.
एन्देल अजून मंगळवारी येतो,
पाव टेबलावर ठेवतो
आणि दोन्ही हात पाठीमागे धरून
लांब उभा राहतो.

खाली उजवीकडे मी सहीपुरती जागा सोडली होती.
ती अजून तशीच आहे.