रस्त्यांची स्थिती

इसाफ्योर्दुरच्या कचेरीत रात्रपाळीला मी एकटीच.
भिंतभर नकाशा: हिरवा मोकळा, निळा निसरडा,
लाल म्हणजे बंद.
फोन वाजला की सांगायचं
कुठल्या घाटात वारा किती,
किती हातांवरचं दिसतंय.
अकरा वर्षं हेच सांगतेय मी, स्वानबोर्ग.

ड्रॉवरमध्ये एक वही आहे, तिच्यातही तेच शब्द.
बारा तारीख: निसरडं.
तेरा: निसरडं, रात्री वारा.
चौदा: बंद.
डॉक्टर म्हणाली होती, एक ते दहामधला आकडा लिही.
आकड्यात मला कधी दुखलंच नाही.

आमच्या भाषेत या आजाराच्या नावातच भटकंती आहे.
गर्भाशयाचं अस्तर, घर सोडून निघालेलं,
आतड्यावर, मूत्राशयामागे,
मिळेल तिथे बिऱ्हाड थाटणारं,
आणि महिना भरला की
असेल तिथेच घर आठवून रक्ताळणारं.

आईनं मासळीच्या कारखान्यात उभ्यानं दिवस काढले,
हात बर्फाच्या पाण्यात, ओटीपोटात निखारा.
म्हणायची, स्वेटर अंगात घालायचा,
दुखणं अंगावर काढायचं.
चौदाव्या वर्षी मी दोन्ही शिकले.
स्वेटर तेवढा लहान झाला.

आज चढायला लागलंय. मला आधी कळतं:
मांडीच्या आतून एक तार ताणली जाते,
कंबर ओल्या लाकडासारखी जड,
पँटचा पट्टा एकाएकी वैरी.
गोळी चढ लागायच्या आधी घ्यायची, घाटात अडकल्यावर नाही.
एवढं कळायला मला सहा वर्षं लागली.
आधी ओट्सची पेज, चार घास. मग गोळी.
गरम पाण्याची पिशवी पाठीला.
पोटाला नको,
पोटाची कातडी शेकून शेकून जाळीदार तपकिरी झालीय,
धक्क्यावर वाळत टाकलेल्या जाळ्यासारखी.
कॉफी सोडली. या गावात कॉफी सोडणं म्हणजे
निम्मी माणसं सोडणं.
त्या बदल्यात महिन्याचे तीन दिवस परत मिळाले.
कधी दोन.

रात्री दोनला फोन.
"दक्षिणेचा घाट सकाळपर्यंत उघडेल का?
मला उद्या..."
आणि मधेच एक पोकळी.
ती मी ओळखली. शब्द शोधताना माणूस असा थांबत नाही.
दात आवळून कळ जाऊ देताना थांबतो.
"विमान रद्द झालंय. दुपारी रेक्याविकला ऑपरेशन.
नऊ महिने रांगेत होते."
"किती वर्षं दुखतंय?"
हा प्रश्न माझ्या कामात बसत नाही.
"दहा. सगळ्याच बायकांना होतं म्हणाले."

नकाशा लाल होता. लालच सांगावं लागलं.
जवळ कोण आहे, विचारलं. मांजर, म्हणाली.
मग मी बाकीचं सांगत बसले:
डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांत उशी.
आकडे श्वास सोडताना मोजा, घेताना नको.
सकाळी आठला त्यांना फोन करा,
आणि रद्द हा शब्द तोंडातून काढू नका,
पुढची तारीख द्या म्हणा,
दोनदा म्हणा.
पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज.
"तुम्ही रस्त्यांच्या ना?"
"हो," म्हटलं, "याच रस्त्याच्या."
ती हसली, आणि हसताना परत थांबली.
मीही थांबले. तिची गेली तेव्हा माझी आली होती.

सहाला माग्नी बर्फाचा नांगर घेऊन निघाला.
साडेसहाला रेडिओवर:
पंधरा किलोमीटर आलोय, बॉनेटसुद्धा दिसत नाही.
"परत फिर," मी म्हटलं.
"काम अर्धं राहील."
"राहू दे. फिर."

पिशवीतलं पाणी थंड झालं होतं. किटली लावली.
वहीत पंधरा तारीख टाकली, आणि पेन तसंच राहिलं.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.