मागची फेक

सूरच्या डिसॅलिनेशन प्लांटमागे
ट्रक उभे करायची खडीची मोकळी जागा आहे.
शुक्रवारी ती रिकामी असते.
तिथे मी दीड महिना
समुद्राशिवाय मासेमारी शिकतोय.

गळ नाही. दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा,
खल्फानच्या बायकोच्या विणकामातला.
"गळ लावलास तर पहिला मासा
तुझाच कान असेल," तो म्हणतो, त्याच्या मोडक्या हिंदीत,
आणि माझ्या कोपरात नि बरगडीत
दुमडलेला पेपर खोचतो.
पेपर पडला की पुन्हा पहिल्यापासून.
गेल्या शुक्रवारी चौदा वेळा पडला.
क्रिकेटचं पान फाटलं.

मला वाटलं होतं, हे आपल्या रक्तातलंच.
बुरोंडीच्या दादूकाकाचा पाग मी पाहिलाय.
जाळ्याची कड दातांत धरून
गुडघाभर पाण्यात तो कमरेतून वळायचा,
आणि खाडीवर अंगणाएवढं वर्तुळ पडायचं
एकदम, सगळीकडून एकाच वेळी.
पण तिथे शिसं पुढे जातं
आणि जाळं त्याच्यामागून फरफटत जातं.
इथे टोकाला वजनच नाही.
दोरी स्वतःच स्वतःला घेऊन जाते.
जोर लावला की रुसते,
माझ्याच टोपीवर येऊन बसते, गुंता होऊन.

आणि मला जोराचीच सवय.
आठवडाभर गंजलेले व्हॉल्व्ह सोडवतो,
पाना सुटला नाही तर पान्याला पाइप लावतो.
"मनगट बंद," खल्फान म्हणतो.
"ओल्या हाताचं पाणी झटकतोस ना? तेवढंच. आणि थांब."

चाबकासारखा आवाज आला
म्हणजे मी घाई केली:
दोरी मागे अजून उलगडत होती
आणि मी पुढे निघालोसुद्धा.

"मागे बघ."
मी पुढेच बघतो.
"मागे बघ ना, हबीबी. सरळ होऊ दे तिला. मग ये."

मान वळत नाही.
तेवीस वर्षांचा होतो, पहाटेची एसटी,
बेबीआत्या म्हणाली, निघताना मागे वळून बघायचं नसतं.
मी पाळलं.
दर दोन वर्षांनी रिक्षात बसतो
आणि रिक्षावाल्याच्या आरशातही बघत नाही
गडग्यापाशी कोण उभं आहे,
कोण आता उभं नाही.
म्हणून मी कानाने मोजायचो, एक, दोन,
आणि दोनचं कधी पूर्ण दोन होत नव्हतं.

परवा चिडून बघितलं. नुसतंच, खल्फानची कटकट थांबावी म्हणून.

दोरी मागे हवेत होती.
कंपाउंडच्या भिंतीवरून, पिवळ्या दिव्याच्या खालून,
आपली घडी आपणच मोडत चाललेली,
कुणीही न ओढता.
लोकरीचा तुकडा शेवटी वळला, आडवा झाला,
आणि क्षणभर काहीच हललं नाही.
त्याच्या बरोबर पलीकडे
टेकबहादुर वॉचमन, रंगाच्या उपड्या डब्यावर,
स्टीलच्या पेल्यात चहा.
दीड महिना तो तिथे बसून माझी पाठ बघत होता.
त्याने हात केला.

पुढची फेक कशी गेली ते मला दिसलं नाही.
खल्फानला दिसली. तो म्हणाला, "हं."

आज खोरावर आलोय, खरा गळ लावून.
जमिनीवरून वारा सुटलाय. आमच्याकडे याला मतलई म्हणतात,
खल्फानकडेही एक नाव आहे,
मला ते उच्चारता येत नाही.
सहा फेकी कानावर आल्या, एक पाण्यावर.
टोळ आला, चोचीने पिसाला ढोसलं,
आणि काहीतरी आठवल्यासारखा निघून गेला.

दोरी उचलतो, मान वळवतो.
मागे दीपगृह, खल्फानची पांढरी पिकअप,
बॉनेटवर दगडाखाली तो पेपर,
फाटक्या पानाकडून फडफडणारा.
अजून सरळ झालेली नाही.
अजून नाही.