खांबामागचं 'नाहीत'

समोरच्यांनी एकच शब्द सोडला: बाहेरच्या.
भाषण नाही, पुरावा नाही,
रिक्षाच्या भोंग्यातून नुसता एक शब्द
पवननगर ते उत्तमनगर, दिवसाला चौदा फेऱ्या.

आमची कचेरी त्रिमूर्ती चौकात, फरसाणवाल्याच्या वर.
जिन्याला शेवेचा वास, वर नऊ माणसं,
नऊ जणांकडे अकरा उत्तरं.
घोषणा लिहायचं काम माझं.
पंचवीस वर्षं मी लग्नपत्रिका जुळवल्या,
चि. सौ. कां. ची टिंबं सुद्धा सांडू दिली नाहीत,
म्हणून वासंतीताईंनी बोलावलं:
तुम्हाला थोडक्यात बसवता येतं.

बसवलं.
ताई बाहेरच्या नाहीत!
चारशे फ्लेक्स, लाल अक्षर, पिवळी जमीन.
फ्लेक्स दहा फुटी, जागा आठ फुटी.
बांधणाऱ्या पोरांनी उरलेलं कापड
खांबाला गुंडाळलं, सुतळी मारली, पुढे गेली.
सकाळी अख्खं सिडको वाचत होतं,
ताई बाहेरच्या.
आमच्याच पैशांनी. फोटोसकट.

गोदेला पूर आला की हे शहर
एकच विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
त्या आठवड्यात मीही तसंच विचारत फिरलो.
सलूनमध्ये शब्द गुडघ्याला होता,
दूधकेंद्रावर कमरेला,
शुक्रवारी माझ्या बायकोनं विचारलं,
"काय हो, त्या मूळच्या कुठल्या?"
गळ्याला लागला.

पुण्याहून सल्लागार आला. पाण्याची बाटली स्वतःची.
म्हणाला, त्यांचा शब्द तोंडात घेऊ नका.
थुंकायचा म्हटला तरी आधी तोंडातच घ्यावा लागतो.
मग बोलायचं काय?
तेवढ्यात त्याला फोन आला.

रात्री दीडला मला सुचलं:
पंचवटीत राहिले, तेही बाहेरूनच आले होते.
अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.
नऊच्या नऊ जणांनी टाळ्या दिल्या.
ताईंनी कागद वाचला, घडी घातली,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
"देवाला आपल्या रिक्षात बसवायचं नाही, काका.
उद्या तोच त्यांच्या रिक्षात दिसेल.
भाडं ते जास्त देतात."

आणि पहाटे साडेचारला, नळाच्या वेळी,
आम्हाला कुणालाच न सांगता
त्या चौथ्या गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या.
हंड्यांच्या रांगेत, माईक नाही, शाल नाही.
"हो. सुरगाण्याची मी. एकोणनव्वदला आले.
तुमचं पाणी साडेचारला येतं आणि पाचला जातं,
हे त्यांना एकदा विचारून बघा. बिनचूक सांगतील?"

दुपारी भोंगा दुप्पट झाला:
कबूल केलं! कबूल केलं!
सल्लागारानं कपाळ धरलं,
मी 'हो'साठी टाइप शोधत बसलो.
नकाराला ठसठशीत अक्षर लागतं,
होकाराला कुठलं लागतं
ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी गल्लीत मात्र काहीतरी सुटलं होतं.
शेवंताबाई म्हणाली, मी चोपड्याची.
शेजारीण, आम्ही आझमगडचे, भाभी.
एक म्हातारा, अंबड एमआयडीसीतून निवृत्त,
गावाचं नाव आठवेना, नदीचं सांगत राहिला.
भोंगेवाला चहाला थांबला होता.
तू रे? मी? मी मालेगावचा.
हसला. कप ठेवला.
पुन्हा भोंगा लावला. पोटाचं काम आहे.

निकाल लागला. तो तुम्हाला ठाऊक आहे,
किंवा नसला तरी अडत नाही.
एक फ्लेक्स मात्र कुणी उतरवलाच नाही.
उन्हानं ताईंचा चेहरा खाल्ला, मग हात,
मग 'बाहेरच्या' पुसट होत होत
पिवळ्यात विरून गेलं.
परवा सुतळी तुटली, कापड खांबाभोवती उलगडलं.
मागच्या सावलीत
'नाहीत' तसंच होतं, लालभडक,
आज छापल्यासारखं.