पान चौऱ्याण्णव

ओस्टडाउनकर्कच्या वाळूवर नोव्हेंबरचा वारा
पुस्तकाची पानं माझ्याआधी उलटतो,
म्हणून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावलेत.
माझं काम एवढंच:
पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं
आणि प्रत्येक शॉटनंतर तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात,
'पुस्तकाबरहुकूम' या शब्दाखाली,
हो किंवा नाही.

एकोणीस दिवस सगळे हो.
वान्नेस दिग्दर्शक आहे, आणि भाविकही.
पुस्तकात योरिसच्या बुटाची नाडी सुटलेली,
मग सुटलेलीच.
घोडीच्या डाव्या कानाला चीर,
मग मेकअपवाली पहाटे चारला तबेल्यात.
पान एकसष्टवर खिडकीच्या काचेवर काळा ठिपका आहे;
कलाविभागाने मेलेली माशी शोधून आणली, चिकटवली.
माशीला माशी म्हणतात ते हेच,
पण तेव्हा कुणी हसलं नाही.
समुद्र तर अख्खा पिवळा.
लोक चौकटी मोजत येतात, वान्नेस म्हणतो,
एक कमी पडली तर फाडून खातील.

विसाव्या दिवशी गोडेलीव्ह आली.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सायकलवरून,
कॅरिअरला थर्मास बांधून.
मॉनिटरमध्ये डोकावली
आणि खोकला येईपर्यंत हसली.
"समुद्राला कावीळ झालीय का?"
मग सांगितलं, छापखान्यात पिवळी शाई उरली होती,
मोहरीच्या बाटल्यांच्या लेबलांची.
फुकट मिळाली. मला करडा हवा होता.
आणि हा ठिपका?
ब्रश झटकला असेल.

वान्नेस पाठ फिरवून उभा राहिला बराच वेळ.
सोळाव्या वर्षी ज्या रंगावर जीव जडला
तो मोहरीचा निघाला.

मला विचाराल तर (विचारलं कुणीच नाही)
पिवळा राहू द्यावा.
चाळीस वर्षं इतक्या जणांनी तो समुद्र
पिवळाच पाहिलाय,
आता तो तिच्या एकटीचा उरलेला नाही.

पण पान चौऱ्याण्णव.
वरच्या चौकटीत योरिस घोडीवर,
पाणी घोडीच्या छातीपर्यंत, जाळं मागे.
खालच्या चौकटीत घोडी, एकटी, वाळूवर.
मधे बोटभर पांढरं.
त्या बोटभर जागेसाठी आम्ही अकरा टेक घेतले:
लाट,
रिकिबीतून निसटणारा पाय,
उघडं तोंड,
एकदा तर नुसता एक पक्षी.
दर वेळी मी पान पाहायची
आणि पानावर काही नसायचं.
याला हो म्हणायचं की नाही?

"नक्की झालं काय होतं?" वान्नेसने शेवटी विचारलं.
"मला काय ठाऊक,"
ती थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली,
"मी कोळंबी सोलत होते.
वर पाहिलं तर घोडी आलेली."

त्यावर कुणी बोललं नाही.
जनरेटर तेवढा चालू होता.

ती सायकलवरून दिसेनाशी झाल्यावर
वान्नेसने कॅमेरा समुद्राकडून काढला
आणि मागे वळवला, टेबलाकडे,
जे पुस्तकात एकदाही काढलेलं नाही.
नटी सतरा वर्षांची, गेन्टची,
तिला कोळंबी सोलता येईना,
नुसता लगदा व्हायचा.
मग माझे हात घेतले. मी इथलीच.
पिरगाळ, ओढ, टाक.
पिरगाळ, ओढ, टाक.
चार मिनिटं, कट न म्हणता,
आणि चौकटीबाहेर कुठेतरी
घोडीला नुसतं चालवत आणलं जात होतं,
तिचे खूर ऐकू आले तरी मी वर पाहायचं नाही
असं ठरलं होतं.

माझ्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे,
इस्त्रीचा, शाळेतला,
जो कुठल्याच पानावर नाही.
वान्नेसने तो मॉनिटरवर पाहिला.
मेकअपवालीला हाक मारली नाही.

तक्ता त्या दिवशी भरायचा राहिला.
हातांना वास होता,
कागदाला लागला असता.