सुटे पैसे

माझ्या प्रबंधात तो 'प्रतिसादक क्रमांक नऊ' आहे.
आर्ब्रोथमध्ये सगळे त्याला नावानं ओळखतात,
म्हणजे नाव घेत नाहीत.
अर्ची मोआट. वय एकोणऐंशी.
घरात खुर्च्या दोन, कप एक.
कपातला चहा मला दिला,
स्वतः जॅमच्या बरणीतून प्यायला.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात
हॅडॉक धुरावायची एक भट्टी पेटली
आणि आत झोपलेला राखणदार, सँडी कारगिल,
सकाळी सापडला
कडीपासून हातभर अंतरावर.

पंधरा जणांची ज्युरी. स्कॉटलंडमध्ये पंधराच.
त्यांच्यापुढे तीन शब्द होते:
दोषी,
निर्दोष,
आणि एक बाकी कुणाच्या फारसा वापरात नसलेला,
शाबीत झालं नाही.

त्यांनी तिसरा उचलला. अर्ची सुटला.
सुटला हा भूतकाळ, पण त्या गावात
ते क्रियापद अजून चालूच आहे.

मी यावर अठरा वर्षं लिहिलं.
तिसऱ्या शब्दाची वंशावळ, आकडे, खोट्या ज्युरींवरचे खरे प्रयोग,
एका लेखात तर साडेतीनशे तळटीपा,
इतक्या, की वरचा मजकूर
पाण्यावरच्या बुचासारखा हलायचा.
म्हणणं साधं होतं:
कायद्यानं तळ्यात म्हणावं नाहीतर मळ्यात,
माणसाला काठावर उभं करून
स्वतः जेवायला जाऊ नये.

समितीपुढे हेच बोलले.
पुढे संसदेनं तो शब्द काढून टाकला.
त्या संध्याकाळी विभागात कुणीतरी शॅम्पेन आणली,
कोमट.

टेपवर माझा आवाज:
इतकी वर्षं काय केलंत?
त्याचा:
पाव आणला.

बेकरी एल्स्पेथ कारगिलची. सँडीची बायको.
बंदराजवळ दुसरी होती, स्वस्त.
तिकडे तो गेला नाही.
एल्स्पेथ पाव कागदात गुंडाळायची,
सुटे पैसे त्याच्या हातावर नाही, फळीवर ठेवायची,
आणि शेवटच्या नाण्यावर बोट दाबून धरायची
तो वर बघेपर्यंत.
रोज.
रविवार सोडून.

'दोषी म्हणाले असते तर मी आत गेलो असतो.
निर्दोष म्हणाले असते
तर तिनं दारातूनच हाकललं असतं.
शाबीत झालं नाही, म्हणून पाव मिळाला.'

यानंतर सदतीस सेकंद.
उतरवून काढताना मी तिथे 'विराम' लिहिलं.
खरं तर किटली उकळून बंद झाली
आणि छपरावरून एक सीगल चालत गेला,
बूट घातल्यासारखा.
विचारायचं ते तेव्हाच विचारायला हवं होतं.
नैतिकता समितीला दिलेल्या अर्जात
तो प्रश्न नव्हता.

एल्स्पेथ आता वृद्धाश्रमात. खिडकीतून कार पार्किंग दिसतं.
'बातमीत ऐकलं. तो शब्द काढणाऱ्या
त्या तुम्हीच का?'
मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल, मी म्हटलं.
ती स्वेटरचं बटण लावत राहिली, चुकीच्या काजात.
'पंधरा अनोळखी माणसांना
त्या रात्री झोप लागली नव्हती, एवढं त्या शब्दात होतं.
माझ्याकडे तेवढंच होतं.'

मागचे निकाल तसेच राहतात, मी समजावलं.
कलमसुद्धा सांगितलं, पोटकलमासकट.
'भांडंच फोडलंत, बाई,
आता राहतील कशात?'

निघताना तिनं विचारलं,
तो पाव कुठून आणतो हल्ली?

सुपरमार्केटमधून, मी म्हटलं.
मशीनवर कार्ड टेकवायचं, झालं.
सुटे लागतच नाहीत.

ती बराच वेळ
चादरीवरची एक जागा
बोटानं दाबून धरून बसली.